डब्यातले खडे

“दोनशे बारा,” अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी तो कागद बोटाच्या टोकाने टेबलावरून पुढे ढकलला, जणू त्याला काही घाण लागली होती. “अख्ख्या महिन्यात, चौदा पानं मिळून, दोनशे बारा वेळा उघडली. अहो मीटर, याहून जास्त माणसं आपल्या लिफ्टमध्ये अडकतात.”

शेजारच्या खुर्चीत रेलून बसलेला सल्लागार हसला. अधीक्षकांच्या प्रत्येक विनोदाला हसणे हा त्याच्या नेमणुकीचाच एक भाग असावा, इतके ते हसणे वेळेवर येत असे.

मीटर उभाच होता. त्याला बसा म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. त्याने कागद उचलला. रुग्णालयाच्या वेबसाइटवरील कोणते पान किती वेळा उघडले गेले याची ती रंगीत पट्ट्यांची यादी होती. सर्वांत वर, कागदाची सारी रुंदी व्यापून, निळी पट्टी होती: ‘अधीक्षकांचे मनोगत’, त्रेचाळीस हजार दोनशे अकरा. सर्वांत खाली, नखाएवढी: ‘घरची शुश्रूषा’, दोनशे बारा.

“हा आकडा खोटा आहे, साहेब.”

“आकडा तुमच्याच सर्व्हरच्या लॉगमधला आहे,” सल्लागार म्हणाला.

“लॉग खरा आहे. आकडा खोटा आहे.”

“म्हणजे आरसा खरा आणि तोंड खोटं, असं का?” अधीक्षकांनी चष्मा काढला. “हे बघा, पुढच्या मंगळवारी समिती बसतेय. ज्या पानांना कुत्रं विचारत नाही ती काढून टाकायची, असं ठरलंय. सिस्टरांनाही सांगून ठेवा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, अजून त्या कोपऱ्यात टेबल अडवून बसल्यात. पानं गेली की टेबल जाईल.”

मीटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तथापि त्याचा आवाज चढला नाही. राग आला की त्याचा आवाज उलट खाली जात असे, आणि त्याला ओळखणारी माणसे तेव्हाच सावध होत.

“मला सात दिवस द्या. खरा आकडा आणून देतो.”

“घ्या की. आकडाच आणणार ना, बॉम्ब तर नाही?”

सल्लागार वेळेवर हसला.

मीटर हे अर्थातच त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. ते त्याला रुग्णालयाने दिले होते, आणि त्यामागे एक जुनी हकिकत होती.

एकोणीस वर्षे त्याने बाह्यरुग्ण विभागाच्या दोन नंबरच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिले. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु अक्षर असे की त्याच्या कागदावर आपले गिचमिड अक्षर काढताना डॉक्टर मंडळी क्षणभर थबकत. त्या काळात एकदा असे घडले की खिडकीवरील नोंदी दिवसाला चारशेवरून अडीचशेवर उतरल्या. रोगी घटले असा अर्थ वरच्यांनी काढला आणि दोन नंबरची खिडकी बंद केली. एक नंबरपुढची रांग मात्र तसूभरही आखूड झाली नाही. मीटर तेव्हाही असाच आवाज खाली नेऊन चिडला होता. दोन दिवस तो फाटकाशी उभा राहिला, आणि त्याला उत्तर सापडले. फाटकावरचा दारवान हुशार निघाला होता. कोणता डॉक्टर कधी बसतो, जखम कुठे बांधतात, तपासणीचे कागद कुठे मिळतात, हे सारे त्याला तोंडपाठ झाले होते. माणूस यायचा, दारवानाला विचारायचा, दारवान सांगायचा, माणूस थेट त्या दाराकडे जायचा. खिडकीपर्यंत यायचे कारणच उरले नव्हते. आणि जो खिडकीपर्यंत आला नाही, तो नोंदवहीच्या लेखी जन्मालाच आला नव्हता.

मीटरने दारवानाला पत्र्याचा एक डबा दिला. “ज्याला तू उत्तर देशील, त्याच्या नावानं यात एक खडा टाक. बाकी काही करू नकोस.”

संध्याकाळी तो डबा दोन्ही हातांनी उचलावा लागला. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याने तो उपडा केला. खडे काचेवरून खडखडत जमिनीवर गेले. बाईंनी वाकून स्वतः दोन खडे उचलले, हातात खेळवले, आणि खिडकी त्याच आठवड्यात उघडली. “माणूस नाही हा, मीटर आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि नाव चिकटले. आकडा खरा असला आणि तो समोर ओतला की जग सरळ होते, अशी त्याची श्रद्धा त्या दिवशी बसली. पुढे त्याला संगणक खोलीत पाठवण्यात आले. सर्व्हरचा लॉग वाचण्याचे काम इतर कोणाला नको होते. त्याला ते फार आवडले.

कारण लॉग म्हणजे दुसरे काय? नोंदवहीच. वेबसाइटचे पान कोणी मागितले की सर्व्हर एक ओळ लिहितो: किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून, काय मागितले, काय दिले. परंतु या फाटकावरही दारवान असतात. वाटेत ठिकठिकाणी मोठे साठे असतात आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक लहान साठा असतो. एकदा नेलेले पान हे साठे आपल्याजवळ ठेवून घेतात आणि पुढच्या मागणाऱ्याला तेथल्या तेथे देतात. सर्व्हरपर्यंत कोणी येतच नाही. लॉगला त्याची गंधवार्ता नसते.

आणि या खेपेस दारवान स्वतः मीटरनेच बसवला होता, हे त्याच्या रागाचे मूळ होते. आठ महिन्यांपूर्वी दूरदूरच्या लोकांच्या तक्रारी आल्या होत्या की सिस्टरांच्या पानांवरील चित्रे उघडता उघडत नाहीत. तेव्हा त्याने त्या चौदा पानांना सूचना जोडली: हे पान तीस दिवस जवळ ठेवावे. पाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडू लागली. वेगाबद्दल त्याला प्रशस्तिपत्रक मिळाले, त्यावर याच अधीक्षकांची सही होती. लॉगमधल्या ओळी मात्र महिन्यागणिक घटत गेल्या. ज्या हातांनी त्याने लोकांची वाट सोपी केली, त्याच हातांनी त्यांना नोंदवहीतून पुसून टाकले होते.

सिस्टर एक्स-रेच्या जुन्या पाकिटांच्या खोलीत बसत. बत्तीस वर्षे वॉर्डात काढलेली ती बाई एका बोटाने टंकलेखन करी, परंतु त्या एका बोटाला कधी चूक होत नसे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी, जखम कशी धुवावी, गिळता न येणाऱ्याला पाणी कसे पाजावे, अशी ती चौदा पाने त्यांनी लिहिली होती. चित्रेही त्यांचीच. त्या पानांचा पत्ता रोग्याला घरी सोडताना देण्याच्या कागदावर छापलेला असे, आणि आता इतर कित्येक रुग्णालयांनीही तो आपल्या कागदांवर छापला होता. म्हणूनच ती पाने उचलून दुसरीकडे नेऊन भागणारे नव्हते. लोकांच्या हातात हाच पत्ता होता.

“कळलं मला,” मीटर दारात दिसताच त्या म्हणाल्या. “शिपायानं सांगितलं. टेबल कुठल्या खोलीत न्यायचं ते मोजूनसुद्धा गेला.”

“आणि तुम्ही मोजू दिलंत?”

“मग काय टेबलावर आडवी पडू? भाऊ, माझं वय झालं. कोणी वाचत नसेल तर कशाला उगाच.”

“वाचतात!” मीटरचा आवाज अगदी तळाला गेला. “तुम्हाला पत्रं येतात ना? रोज येतात ना? मग कोणी वाचत नाही असं तुमच्या तोंडून कसं निघतं? बत्तीस वर्षं डॉक्टरांना उलट उत्तरं दिलीत, आणि एका रंगीत पट्टीपुढे मान टाकता?”

सिस्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. “बीपीची गोळी घेतलीत का सकाळी?”

“घेतली.”

“मग बसा आणि सांगा काय करणार ते. उभ्यानं ओरडू नका.”

त्याने सांगितले. प्रत्येक पानाच्या तळाशी तो एक ठिपका लावणार होता. कागदाच्याच रंगाचा, सुईच्या टोकाएवढा. कोणाच्या नजरेस न पडणारा. पान खुशाल साठ्यातून येवो. ठिपक्यावर मात्र सूचना राहील: हा साठवू नये, प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरकडूनच मागावा. म्हणजे पान कोठेही उघडले तरी ठिपक्यापुरती एक ओळ लॉगमध्ये पडेल. जुन्या प्रती तीस दिवस अडून बसू नयेत म्हणून छापील पत्ता तोच ठेवून तो साऱ्या साठ्यांना जुनी प्रत टाकून नवी नेण्याची सूचनाही धाडणार होता.

“म्हणजे खडा,” सिस्टर म्हणाल्या. ती हकिकत त्यांनी पाहिलेली होती.

“खडा.”

“मग दोन-चार मुठी जास्त टाका. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल.”

“तुमच्या या सोवळेपणाचं लोणचं घाला,” सिस्टर म्हणाल्या, परंतु त्या हसत होत्या.

घरी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे आधी हात धुतले आणि वहिनींच्या खोलीत गेला. आई गेल्यापासून याच वहिनींनी त्याला वाढवले होते. आता दीड वर्षापासून त्यांची डावी बाजू निकामी होती. जीभ मात्र उजव्या बाजूने दोन्हींचे काम करी. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दिवसभर त्यांच्याजवळ बसे. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि दर वेळी दादा मोबाइलवर सिस्टरांचे पान उघडत, चित्र दोन बोटांनी मोठे करत आणि मगच हात लावत. नजर अधू झाली होती, आणि चित्र पाहिल्यावाचून त्यांचा स्वतःच्या हातांवर विश्वास बसत नसे. दीड वर्षात वहिनींच्या पाठीवर एक चट्टा उठला नव्हता.

“भावजी, आज इतकं हळू का बोलताय?” वहिनी म्हणाल्या. “कोणाशी भांडलात?”

त्याने सारे सांगितले. दादांनी मोबाइल छातीशी धरला, जणू पान आत्ताच कोणी हिसकावून नेणार होते.

“मग आमचे धरा की भरपूर,” वहिनी म्हणाल्या. “हे दिवसातून नऊदा उघडतात.”

“आपल्या घरचे वजा करणार, वहिनी. मोजणाऱ्यानं स्वतःचं घर धरायचं नसतं.”

“घ्या! म्हणजे मी माणसांत नाही?”

“तसं नाही—”

“अर्धी तर आधीच गेले. उरलेली अर्धी तुम्ही वजा करा.”

दादा हसले. वहिनींनाही हसू आले, ते एकाच गालावर आले. मीटरला मात्र हसता आले नाही.

सात दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून लॉग वाचला. ठिपक्याच्या ओळी पहिल्याच तासात पडू लागल्या, आणि थांबल्या नाहीत. सकाळी त्या दाट येत, दुपारी विरळ होत, पुन्हा संध्याकाळी दाटत. घरची कामे आटोपून रोग्याकडे वळणाऱ्या हातांची वेळ त्यांत स्पष्ट दिसे. सोमवारी सायंकाळी त्याने बेरीज केली: पाच हजार नऊशे दोन. मग तो वजा करायला बसला, आणि वजा करताना त्याने कोणाची भीड ठेवली नाही. वेबसाइटा चाळत फिरणाऱ्या यंत्रांच्या ओळी अकराशे चाळीस, गेल्या. रुग्णालयाच्या इमारतीतल्या शहाण्णव, गेल्या. एकाच पत्त्यावरून तेच पान अर्ध्या तासात पुन्हा उघडले असेल तर ते एकदाच धरले. सहाशे आठ गेल्या. शेवटी घरच्या त्रेसष्ट. उरल्या तीन हजार नऊशे पंचाण्णव. महिन्याच्या नव्हेत, एका आठवड्याच्या.

मग त्याच तराजूत त्याने अधीक्षकांचे मनोगत घातले. त्या पानावर चालू घड्याळ दिसलेच पाहिजे असा साहेबांचा हट्ट होता, त्यामुळे कोणताही साठा ते जवळ ठेवीत नव्हता. शिवाय सर्व्हर जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी कार्यालयाचाच एक प्रोग्रॅम दर मिनिटाला तेच पान ठोठावत असे. दिवसाचे चौदाशे चाळीस, महिन्याचे त्रेचाळीस हजार दोनशे. उरले अकरा. त्यांतले आठ याच इमारतीतले, आणि त्या आठांतले पाच अधीक्षकांच्या खोलीतले.

सिस्टरांनी तो हिशेबाचा कागद वाचला आणि दुमडून त्याच्या खिशात घातला. “आपली पानं वाचवा. हे अकरांचं बाहेर काढू नका.”

“खरं आहे ते.”

“खरं आहे म्हणूनच. भाऊ, माझं ऐका. रोग्याला सगळं खरं एका दमात सांगत नसतात.”

बैठकीत समितीचे पाच सभासद, अधीक्षक आणि सल्लागार होते. मीटरने आकडा मांडला आणि तो कसा काढला हे पायरीपायरीने समजावून सांगितले. दारवानाची गोष्टही सांगितली. पाचांपैकी दोघांनी मान डोलावली. एका वयस्कर सभासदांनी तर विचारले, “आठवड्याला चार हजार? मग काढताय कशाला?” त्या क्षणी पाने वाचली होती. मीटरने त्याच क्षणी तोंड मिटायला हवे होते.

परंतु अधीक्षक हसून म्हणाले, “आता ठिपके लावून मोजायचं म्हटलं तर काय, कशालाही चार हजार येतील. साधा लॉग सांगतो ते खरं. त्यात मनोगत पहिलं आहे, त्याचं काय?”

आणि मीटरचा हात खिशात गेला.

त्याने तो दुमडलेला कागद उलगडून वाचला. सावकाश, खालच्या आवाजात, एकही शब्द न गाळता. त्रेचाळीस हजार दोनशे वेळा आपल्याच प्रोग्रॅमने ठोठावले. अकरा माणसे. आठ इमारतीतली. “आणि पाच वेळा, साहेब, तुमच्या खोलीतून. तुमचं मनोगत महिन्याभरात बाहेरच्या तीन माणसांनी वाचलं. त्यांतलं एखादं चुकून आलं असेल.”

खोलीत कोणी हसले नाही. सल्लागारसुद्धा नाही. वयस्कर सभासद आपल्या पेनाच्या टोपणाकडे पाहू लागले.

अधीक्षकांचा चेहरा आधी तांबडा आणि मग अगदी साधा झाला. “हा ठिपका लावायला लेखी परवानगी कोणी दिली होती?” त्यांनी विचारले.

कोणीच दिली नव्हती.

“मग विनापरवानगी बदल करून मिळवलेला आकडा समितीपुढे घेता येणार नाही. सभासदांनी लॉगचा मूळ आकडा ग्राह्य धरावा. दोनशे बारा.”

सभासदांनी धरला. पाने उद्या संध्याकाळपर्यंत काढावीत असे ठरले, आणि काढणार कोण, तर सर्व्हर ज्याच्या ताब्यात तो.

जिन्यात सिस्टर उभ्या होत्या. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना विचारावे लागले नाही. “काढलात ना खिशातला?” एवढेच त्या म्हणाल्या. मीटरने मान खाली घातली. तो आयुष्यभर दुसऱ्यांवर संतापत आला होता. एवढा संताप स्वतःवर कधी आला नव्हता.

“मला चांगले शब्द ऐकवू नका, सिस्टर. मी घाण केली.”

“केलीत. पण ऐकताना त्याचं तोंड कसं झालं होतं, ते तरी सांगा.”

पाने काढण्याआधी त्याने घरच्या मोबाइलवर चौदाही पाने नव्याने उघडून ठेवली. तीस दिवस तरी दादांना चित्र दिसले असते. मग तो खुर्चीवर बसला आणि एकेक पान पुसले. ठिपका मात्र पुसला नाही. ठिपक्याविषयी कोणी लेखी काही दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर एका पिशवीत सारा संसार घालून गेल्या. टेबल शिपायाने नेले. ते दारातून निघेना, तेव्हा त्याचे पाय काढावे लागले.

त्यानंतर लॉगमध्ये जे दिसू लागले, त्याची कल्पना मीटरलाही आधी आली नव्हती. पाने पुसली होती, तरी ठिपक्याच्या ओळी येतच होत्या. दूरच्या साठ्यांत, लोकांच्या मोबाइलांत त्यांच्या प्रती जिवंत होत्या, आणि माणसे त्या उघडत होती. ज्या तीस दिवसांनी घात केला होता, तेच तीस दिवस आता पाने जगवत होते. परंतु प्रत्येक प्रतीचे दिवस भरत होते. एखादी प्रत संपली की तिचा साठा नवी प्रत आणायला मूळ सर्व्हरच्या दारी येई, सर्व्हर ‘सापडले नाही’ असे उत्तर देई, आणि ते उत्तर कोणी साठवून ठेवीत नसे. पुढचा माणूस पुन्हा येई, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा एक ओळ. या ओळी ठिपक्याच्या नव्हत्या. त्या साध्या लॉगमध्ये पडत होत्या, समितीने ज्याला खरे मानले त्याच लॉगमध्ये. पाने होती तोवर जी माणसे त्यात कधी दिसली नाहीत, ती सारी पाने गेल्यावर दिसू लागली. तिसऱ्या दिवशी चाळीस. आठव्या दिवशी एकशे सत्तर. बाराव्या दिवशी तीनशे.

चौदाव्या दिवशी त्याला बोलावणे आले. तेच टेबल, तोच रंगीत कागद. या वेळी एक लाल पट्टी वाढली होती.

“‘सापडले नाही’ फार वाढलंय,” सल्लागार म्हणाला. “वेबसाइटची इभ्रत जाते अशानं. उपाय सोपा आहे. जो कोणी ही जुनी पानं मागेल, त्याला परस्पर मनोगताच्या पानावर पाठवायचं.”

मीटरला प्रथम वाटले की आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. मग त्याला सारे चित्र दिसले. कोणाची तरी आई अंथरुणात पडली आहे, कोणी तरी एका हाताने तिला आधार देऊन दुसऱ्या हाताने मोबाइल उघडतो आहे, आणि समोर येतो आहे अधीक्षकांचा हसरा फोटो, वर चालू घड्याळ. आणि लॉगमध्ये पडतो आहे मनोगताच्या नावाने एक खडा. खराखुरा खडा. या वेळी माणसाचा.

“नाही करणार,” तो म्हणाला.

“काय?”

“ऐकू आलं नसेल तर लिहून देतो, साहेब. अक्षर चांगलं आहे माझं. पाय मोडलेल्या माणसाला दारातून हाकलणं एक वेळ समजू शकतो. हाकलून वर त्याच्याकडून पाया पडल्याची सही घ्यायची, हे माझ्या हातून होणार नाही.”

त्याने ते खरोखरच लिहून दिले. दोन दिवसांनी बदलीचा कागद आला: येत्या महिन्यापासून केसपेपर, दोन नंबरची खिडकी. संगणक खोलीत नवा माणूस सोमवारी रुजू होणार होता. मीटरचा शेवटचा दिवस शुक्रवार. पाने काढल्याला त्या दिवशी तीस दिवस पुरे होत होते.

त्या शुक्रवारी साध्या लॉगमध्ये ‘सापडले नाही’च्या ओळी सहाशे चाळीस पडल्या. ठिपक्याच्या पाचच पडल्या, आणि त्या पाचही त्याच्या घरच्या होत्या. त्याने दोन्ही आकडे नोंदवहीत शाईने लिहिले. मग ‘सापडले नाही’ असे सांगणारे जे पान असते, ते त्याने उघडले. ते बदलू नये असे त्याला कोणी लेखी दिले नव्हते. सोमवारी नवा माणूस येऊन ते पुन्हा बदलील, हे त्याला ठाऊक होते. मधे शनिवार होता, रविवार होता. त्याने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी पाच ओळी ठेवल्या, त्यांना ‘साठवू नये’ ही सूचना जोडली, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि दार ओढून घेतले.

घरी दादा मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते. “अरे, चित्र कुठं गेलं? दुपारपर्यंत होतं. आता काहीतरी लिहून आलंय.”

“वाचा ना,” वहिनी म्हणाल्या. “मोठ्यानं वाचा.”

दादांनी अक्षरे बोटांनी मोठी केली आणि अडखळत वाचले. “‘हे पान येथे होते. बत्तीस वर्षे रोग्यांची सेवा केलेल्या एका सिस्टरांनी ते लिहिले होते. ते काढण्यात आले, यात आपली काही चूक नाही. रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. आपण आलात, याची नोंद झाली आहे.’”

शेवटची ओळ दादांनी पुन्हा एकदा बोटाखाली धरून वाचली.

“चांगलं लिहिलंय,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी उजवा डोळा मीटरवर रोखला. “नोंद झालीय म्हणे. मग या खेपेला तरी मला धरलंत का, भावजी?”

“धरलं, वहिनी,” तो म्हणाला. “सहाशे एक्केचाळीस.”

मग त्याने बाह्या वर केल्या. “दादा, इकडे या. मोबाइल ठेवा तो. हात बघा माझे.” एक हात त्याने वहिनींच्या खांद्यामागे घातला, दुसरा गुडघ्याखाली, ओढले नाही, नुसते वळवले. दादांचे हात त्याने आपल्या हातांवर ठेवून घेतले. वहिनी भिंतीकडून खिडकीकडे वळल्या. त्याने गुडघ्यांमध्ये उशी सारली, पाठीवरून हात फिरवून पाहिला. कातडी कोरडी आणि अखंड होती.

“साडेसहा,” तो म्हणाला. “पुढची साडेआठला. ती तुम्ही करायची, दादा.”